तुम्ही विचारलंत म्हणून: तुझा खरा आवाज कुठला?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, रिक्षात विचारलाय, रंकाळ्यावर भेळ खाताना तर शेजारच्या अनोळखी बाईंनी विचारलाय. विचारणारे वाईट नसतात. माझ्यासारख्या ट्रान्स बाईनं, म्हणजे जन्मल्यावर मुलगा म्हणून नोंदलेल्या बाईनं, हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या की कातडी मऊ होते, तसा आवाजही आपोआप बारीक होत असेल, असं त्यांना वाटतं. नाही होत. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोननं स्वरयंत्र एकदा मोठं केलं, स्वरतंतू जाड केले, की गोळ्यांतलं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, ते परत पातळ करत नाही. उरतो रियाज.

आधी मलाही वाटायचं, पट्टी चढवली की झालं. पेटीच्या भाषेत सांगते. पुरुष बहुधा काळी एकला सा लावतात, बायका काळी चार-पाचला. काळी एक म्हणजे साधारण १३८ हर्ट्झ, काळी चार २०७. बोलण्यातही तसंच अंतर: पुरुष १०० ते १३० च्या आसपास, बायका १८० ते २२०. फोनमधल्या ॲपवर रेघ बघत बघत मी २०० ला पोचले आणि मोठ्या ऐटीत गॅसवाल्याला फोन लावला. "हां दादा, बोला," तो म्हणाला.

आवाज वर गेला होता, एवढंच. उलट गंगूबाई हनगलांचा तो भरदार, खालचा आवाज आठवा. त्यांना कुणी दादा म्हणेल का?

खरी गंमत पोकळीत आहे. नळाखाली घागर भरताना ऐकलीय ना? रिकामी असताना घुमते, आणि पाणी चढेल तसा आवाज बारीक होत जातो, कारण वरची हवेची जागा आखूड होते. गळ्याचंही तेच. आवंढा गिळताना कंठावर बोट ठेवा, कंठ वर सरकतो. तो थोडा वर ठेवून, जीभ थोडी पुढे घेऊन बोललं की पोकळी लहान होते आणि तीच पट्टी वेगळी ऐकू येते. वर आवाजाचं वजनही उतरवायचं, म्हणजे स्वरतंतू कमी दाबानं मिटवायचे. हे सगळं एकदम जमत नाही. पट्टी धरली की कंठ सुटतो, कंठ धरला की वजन चढतं. घसा दुखायला लागला की त्या दिवसापुरतं बंद.

एक व्यायाम कुत्र्यासारखं धापा टाकण्याचा. आधी मोठा कुत्रा, मग पिल्लू. धापेत सूर नसतो, त्यामुळे पोकळीच तेवढी बदलताना ऐकू येते. मी तो न्हाणीत करायचे. एकदा आईनं दारावर थाप मारली: "दमा लागलाय काय गं?" ती 'गं' म्हणाली, हे तिच्या लक्षात आलं नाही. मी मात्र नळ सोडून तशीच उभी राहिले.

आता ॲनिमेकडे, म्हणजे जपानी कार्टूनकडे वळते, कारण खरा आवाज म्हणजे काय ते मला तिथं कळलं. लहानपणी ज्या शिनचॅनवर आम्ही लोळून हसायचो, त्याला जपानीत २०१८ पर्यंत अकिको याजिमा या बाईंनी आवाज दिला. 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूचा आवाज १९८६ पासून मासाको नोझावांचा. डोंगर फोडणारा तो गडी, आणि मागे बाई! तो आवाज खोटा आहे, असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

माझ्याकडे येणारी कॉलेजची पोरं हमखास विचारतात, 'नारुतो' या ॲनिमेमधल्या हाकूला ट्रान्स म्हणायचं का? माझं उत्तर त्यांना आवडत नाही. हाकू दिसायला नाजूक, नायक नारुतो त्याला मुलगीच समजतो, पण तो स्वतः सांगतो, मी मुलगा आहे. मग विषय संपला. मला कितीही वाटलं तरी त्याला ओढून माझ्या पंगतीत बसवणार नाही. माझ्याबाबतीत लोक तेच करतात की! 'झॉम्बी लँड सागा'मधल्या गाणाऱ्या मुलींच्या गटातली लिली होशिकावा मात्र मुलगीच. २०१८ च्या त्या मालिकेत आठव्या भागात तिचं मुलाचं जन्मनाव बाहेर येतं, आणि त्यानंतरही गटात ती लिलीच राहते. ते नाव मी इथं लिहीत नाही.

जपानीत 'मी' म्हणायला शब्द बरेच: 'बोकु', 'ओरे' पोरांच्या वळणाचे, 'आताशी' मुलींचं. क्रियापद मात्र बदलत नाही. आपल्याकडे उलटं. 'मी' सगळ्यांचा एकच, आणि क्रियापद लगेच चुगली करतं: जातो की जाते? या एका मात्रेसाठी मी आरशासमोर महिने घातले. जाते, येते, करते.

आणि राहायला कुठं, तर कोल्हापुरात! गंगावेशीत दूधकट्ट्यावर एक आजी बसतात. एका संध्याकाळी दूध घेऊन मी घोटून घोटून बसवलेल्या आवाजात म्हटलं, "मी जाते हं आजी."

आजींनी वर बघितलं. "जाते? पुण्याची हाईस व्हय गं?" मग कासंडी आवरत म्हणाल्या, "मी बी जातो आता. उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी मी काळी चारच्या आसपास, कंठ वर धरून म्हटलं, "आलो की ओ आजी."

त्यांनी मान वर न करता माप भरलं.