आमची वाटचाल: परवानगीचा आणि बांधायचा नकाशा एकच

शाळांच्या इमारतींचे नकाशे तयार करणे, त्यांना बांधकाम परवानगी मिळवून देणे आणि भोगवटा प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कामावर देखरेख ठेवणे, हा सोलापुरातील आमच्या छोट्या पेढीचा मुख्य व्यवसाय आहे. सुरुवात मात्र शाळांपासून झाली नव्हती. 1992 च्या हद्दवाढीत बाळे, केगाव, सोरेगाव, मजरेवाडी, शेळगी अशी गावे महापालिकेत आली, ज्वारीच्या रानांत ले-आऊट पडू लागले आणि आम्ही इतरांप्रमाणेच घरांचे नकाशे करू लागलो. वसाहती उभ्या राहिल्यावर तिथे शाळा हव्या होत्या. कुणी भाड्याच्या बंगल्यात बालवाडी काढली, तर शहराच्या पूर्व भागात कुणी बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली वर्ग भरवले. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सर्व माध्यमांच्या संस्था पुढे वापरबदलाच्या किंवा नव्या इमारतीच्या कामासाठी आमच्याकडे येऊ लागल्या आणि हळूहळू घरांची कामे मागे पडली.

आमच्या व्यवसायात एक जुनी रीत आहे, तिच्याविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे. मंजुरीला जो नकाशा जातो, त्यात जिना रुंद असतो, सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती मोकळी ठेवायची जागा, पूर्ण सोडलेली असतात आणि पार्किंग मोकळे असते; साइटवर मिस्त्रीच्या हातात जो नकाशा असतो, त्यात जिना आखडलेला असतो आणि पार्किंगच्या जागी दोन खोल्या निघालेल्या असतात. घराच्या बाबतीत याचे परिणाम एका कुटुंबापुरते राहतात, शाळेच्या बाबतीत ते शेकडो मुलांवर येतात. त्यामुळे शाळेचे काम घ्यायचे तर नकाशाचा एकच संच असेल, हा नियम आम्ही पहिल्यापासून ठेवला. काही संस्थाचालकांना तो पटला नाही आणि ती कामे दुसरीकडे गेली.

या आग्रहामागे पुस्तकी कारण नव्हते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारीच्या भूकंपाने सोलापूरही हादरले आणि आमच्या पिढीच्या अभियंत्यांना जोडकामातील लोखंडाचे महत्त्व तेव्हा नीट कळले. आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत सोलापूर भूकंपप्रवण क्षेत्र तीनमध्ये होते आणि भूकंपाचे बल काढताना साध्या घराला ‘महत्त्व गुणांक’ (इमारत किती महत्त्वाची, ते दाखवणारा आकडा) 1 धरला जात असे, तर शाळेला 1.5 धरावा लागे. याचा सरळ अर्थ असा की स्ट्रक्चरल इंजिनिअरची आकडेमोड पूर्ण होण्याआधी मंजुरीचा नकाशा दाखल केला, तर पुढे खांबांचे आकार वाढतात आणि मार्गिकेची रुंदी कमी होते. म्हणून आमच्याकडे आधी डिझाइन होते आणि मग अर्ज केला जातो.

सर्वांत जास्त वाद होतो तो जिन्यावरून. शाळेच्या जिन्याची किमान रुंदी दीड मीटर, पायरीची उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर आणि तुडवा, म्हणजे पाय ठेवायचा सपाट भाग, किमान 300 मिलिमीटर धरला, तर 3.6 मीटर उंचीच्या मजल्याला 24 उड्या, म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या बाजू, लागतात. त्या दोन टप्प्यांत विभागल्या की प्रत्येक टप्प्याला अकरा तुडवे, म्हणजे 3.3 मीटर लांबी येते. त्यात दोन्ही टोकांना दीड-दीड मीटरचा चौथरा मिळवला, की जिन्याची खोली सव्वासहा मीटरच्या पुढे जाते, आणि असे जिने मुलांच्या संख्येप्रमाणे दोन तरी लागतात. ‘जिन्यातच आमचा एक वर्ग गेला,’ असे संस्थेचे अध्यक्ष म्हणतात तेव्हा त्यांचा हिशेब चुकीचा नसतो. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर वरच्या मजल्यावरची मुले खाली कशी उतरतात, ते एखाद्या चालू शाळेत उभे राहून पाहा, एवढेच आम्ही त्यांना सांगतो. रॅम्पचेही तसेच आहे. जोते 60 सेंटिमीटर उंच घेतले, तर एकास बारा उताराने रॅम्पची धावच 7.2 मीटर होते, आणि ती जागा पहिल्या आराखड्यात राखली नसेल, तर शेवटी मुख्य दाराशी घसरगुंडी तयार होते. अडथळाविरहित प्रवेश, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण आणि कुंपण या गोष्टी शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे 2009 च्या अधिनियमाच्या, अनुसूचीतच असल्याने त्यांत घासाघीस करण्याचा प्रश्न येत नाही.

सोलापूरची काळी माती हा आणखी एक विषय आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून पाया कठीण मुरुमापर्यंत न्यावा लागतो आणि जोत्यात उकरलेली माती परत न भरता मुरूमच भरावा लागतो. जोते झाले की तपासणी करून घ्यावी लागते आणि ती होईपर्यंत वरचे बांधकाम थांबवावे लागते. ठेकेदाराला इथेच घाई असते, कारण जूनमध्ये शाळा भरायची असते. आम्ही जूनपासून उलटे मोजतो आणि ज्या संस्था दिवाळीनंतर पहिल्यांदा भेटतात, त्यांना येत्या जूनचे आश्वासन देत नाही.

प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 मध्ये परवानगीच्या अर्जावर निर्णय देण्यासाठी असलेल्या साठ दिवसांच्या मुदतीचा अनेकजण सोयीचा अर्थ लावतात. ही मुदत अर्ज मिळाल्यापासून किंवा त्रुटीच्या पत्राला उत्तर दिल्यापासून, यांपैकी जे नंतर घडेल तिथून मोजली जाते, आणि मानीव परवानगीसुद्धा, म्हणजे मुदतीत निर्णय न आल्यास मिळाली असे धरली जाणारी परवानगी, नियमात बसणाऱ्या बांधकामालाच मिळते. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते. पुढे दरवर्षी मुदतवाढ घेत जास्तीत जास्त आणखी तीन वर्षे मिळतात. देणग्यांवर टप्प्याटप्प्याने बांधणाऱ्या संस्थांनी हे विशेष लक्षात ठेवावे. शिक्षण विभागाची मान्यता ही निराळी गोष्ट आहे. ती मिळाली म्हणून बांधकामाला परवानगी मिळाली असे होत नाही.

जागा कुठे आहे, यावरही बरेच अवलंबून असते. भुईकोट किल्ला केंद्र संरक्षित असल्याने त्याच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील दोनशे मीटरमध्ये पूर्वपरवानगी लागते. होटगी रोडच्या बाजूला विमानतळामुळे उंचीचा प्रश्न येतो. विमानांना अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेल्यापासून हा मुद्दा समजावून सांगण्याचे आमचे श्रम वाचले आहेत.

अग्निसुरक्षेकडे मात्र फार काळ दुर्लक्ष झाले. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथील शाळेत आग लागून 94 मुले दगावली, आणि त्याच संदर्भातील याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये शाळांच्या सुरक्षिततेबाबत आदेश दिले. राज्याच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे ‘ब’ नमुना, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीमुळे मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर नियम एक झाले. त्याआधी महापालिका हद्दीत एक आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात दुसरे, असे दोन हिशेब आम्हाला सांभाळावे लागत. तो ताण गेला.

आज आमच्याकडे माणसे मोजकीच आहेत आणि एका वेळी हाताळता येतील तेवढीच कामे आम्ही घेतो. ज्यांच्या इमारती पूर्ण झाल्या, त्यांच्या ‘ब’ नमुन्याच्या तारखांची वही आम्ही ठेवतो आणि डिसेंबर-जूनमध्ये मुख्याध्यापकांना आठवणीचा फोन करतो. नव्या संस्थेने पहिल्या भेटीला येताना सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि झोन दाखला सोबत आणावा. इमारतीचे रंगीत चित्र नंतर काढता येते.