एकच पोलीस होता का रे?

स्मरणिकेसाठी लेख मागणारं पत्र आलं. लिफाफ्यावर नाव माझ्या एकट्याचं आणि आत मायना 'डिअर अ‍ॅल्युमनाय'. आमचे इंग्रजीचे सर असते तर त्या शब्दाभोवती लाल गोल पडलाच असता. एकटा माजी विद्यार्थी असेल तर तो अ‍ॅल्युमनस. अ‍ॅल्युमनाय व्हायला निदान दोघं तरी हवेत.

आठवीत सरांनी पोळ्यावर निबंध दिला होता. मी तो दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीपर्यंत ताणला, कारण खरी मजा तिथेच. वही परत आली ती लालेलाल. 'कॅटल्स'मधला एस खोडलेला. 'द पोलीस वॉज देअर' हे वाक्य तर सरांनी भर वर्गात मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "काळी-पिवळी मारबत, बडगे, एवढी गर्दी, अन् पोलीस एकच होता का रे?" पोट्टे आठवडाभर मला पोलीस म्हणून चिडवत होते. कॅटल म्हणजे अख्खा गोठा, पोलीस म्हणजे अख्खी तुकडी. एस न लावताच दोन्ही अनेकवचनी, म्हणून 'वेअर'. एकट्या शिपायाला 'पोलीसमन'. हे तेव्हापासून डोक्यात पक्कं आहे.

'फर्निचर', 'लगेज', 'अ‍ॅडव्हाइस' यांना एस का नाही, हे सरांनी संत्र्यावर भागवलं. "संत्री मोजता येतात. रस मोजाल का? ग्लास मोजाल." म्हणून 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस'. (जाता जाता मराठीही तपासायचे. 'एक संत्री' म्हणणारा तासभर उभा. एक संत्रं, दोन संत्री!) आपणही दोन सामानं म्हणत नाही, मग दोन लगेजेस कशाला? सल्ल्याचं मात्र उलटं: मराठीत हवे तेवढे सल्ले द्या, इंग्रजीत 'अ‍ॅडव्हायसेस' चालत नाही.

कात्री आपली एक, त्यांची 'सिझर्स' अनेकवचनी. 'न्यूज'ला एस असूनही ती एकवचनी. असलं बरंच पाठच करावं लागलं.

एका बाबतीत मात्र सरांशी माझं अजून पटत नाही. 'डेटा' अनेकवचनीच, असा त्यांचा हट्ट. आता 'डेटा इज' सर्रास लिहितात, मीही लिहितो.

पत्राला उत्तर देताना सहीखाली मुद्दाम 'अ‍ॅल्युमनस' लिहिलं. दुसऱ्याच दिवशी समितीतल्या, एकेकाळी माझ्याच बाकावर बसणाऱ्या मित्राचा फोन आला.

"अबे, शेवटी स्पेलिंग चुकलं ना तुझं. दुरुस्त करून घेतो."