आमची वाटचाल : काळ्या पडद्यामागून

प्रदर्शनांतल्या स्टॉलवर वस्तूचं चित्र हवेत तरंगताना दाखवायचं, हा आमचा धंदा. पहिली काच 2013 साली टेम्पोत गाद्या घालून आणली. सहा बाय चार. 45 अंशांत उभी करायची, वर टीव्ही पालथा टांगायचा, मागे काळं मखमल. टीव्हीतलं चित्र काचेत उमटायचं आणि हवेत असल्यासारखं दिसायचं. लोक होलोग्राम म्हणायचे. खरं तर ही जॉन हेन्री पेपर या विज्ञान-व्याख्यात्यांनी 1862 मध्ये लंडनच्या रंगमंचावर दाखवलेल्या भुताची युक्ती; भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांना 1971 चं नोबेल मिळालं ती होलोग्राफी, म्हणजे प्रकाशलहरींची नोंद करून त्रिमिती प्रतिमा उभी करणं, वेगळी. हे आम्ही पहिल्याच बैठकीत सांगायचो आणि त्यापायी ऑर्डरीही घालवल्या.

सांगलीचे रोटाव्हेटरवाले अप्पा तेवढे थांबले. म्हणाले, "भूत तर भूत. माझा गिअरबॉक्स उघडलेला दिसू दे." पुण्याजवळच्या मोशीच्या शेती प्रदर्शनात एकेक दातचक्र हवेत सुटं होताना पाहून शेतकरी काचेमागे हात घालून चाचपायचे. अप्पांनी पुढे कधी रेट पाडून मागितला नाही.

मधली वर्षं बरी गेली. काचेऐवजी फॉइल, म्हणजे ताणून बसवायचा पातळ पारदर्शक पडदा आला, तो धरायला ट्रस, म्हणजे धातूचा सांगाडा आला.

2019 मध्ये आमचाच ऑपरेटर बाहेर पडला. फॉइल चोहोबाजूंनी सारखी कशी ताणायची, सुरकुती कोपऱ्याकडे कशी काढायची, हे त्याला मी हाताला धरून शिकवलेलं. त्याने एलईडीचा गरगरणारा पंखा आणला, ज्याच्या फिरत्या दिव्यांतून हवेत चित्र दिसतं, त्याला 'होलोग्राम' म्हटलं आणि तिप्पट स्वस्तात आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक नेलं. लेआउटचं ड्रॉइंग आमचंच, खालचं नाव तेवढं खोडलेलं! त्या इरेला पेटून मी कर्ज काढून मिक्स्ड रिअॅलिटीचे (समोरच्या खऱ्या जागेतच संगणकाचं चित्र दाखवणारे) डोक्यावर घालायचे दोन हेडसेट घेतले. मार्च 2020 मध्ये प्रदर्शनं बंद. एकाच्या डोक्यावरचं यंत्र दुसरा कशाला घालतोय? हेडसेट कपाटात, हप्ते चालू. ट्रस भंगाराच्या भावात काढायची बोलणी झाली होती. तेव्हा अप्पांनी पुढच्या प्रदर्शनाचा निम्मा ॲडव्हान्स पाठवला, प्रदर्शनाची तारीखही ठरली नसताना.

नव्या पोरांनो, स्टॉल ठरवताना आधी डोक्यावरचा दिवा बघा. काळा रंग म्हणजे आपल्या धंद्यात पारदर्शक; फॉइलवरही आणि हेडसेटच्या भिंगातही. उजेड आला की गिअरबॉक्स धुऊन गेलाच. हालचाल टिपणारा सेन्सर उन्हाकडे तोंड करून लावू नका, तो इन्फ्रारेडवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर) चालतो, उन्हात आंधळा होतो. आणि ॲडव्हान्स हातात पडेपर्यंत ड्रॉइंग द्यायचं नाही.

गेल्या डिसेंबरात त्याच ऑपरेटरचा फोन आला. पंख्याला आता कोणी विचारत नाही, फॉइलचं काम मिळालंय, फॉइल ताणून धरायचे क्लॅम्प कमी पडतायत. चोवीस दिले. बावीस परत आले.