बडोद्यातील मराठी वाचक आणि दोन प्रकारची चरित्रे

महाराष्ट्र सोडून बडोद्यात राहायला आल्यापासून इथल्या मराठी वाचकांविषयी लिहावे असे मनात होते. पुण्याकडे आपण जी चरित्रे आणि आत्मचरित्रे वाचतो तीच इथेही वाचली जातात, परंतु त्यांच्याविषयीची मते निराळ्या कारणांनी बनतात. तिकडे बडोदे संस्थानचे महाराज सयाजीराव गायकवाड हे इतिहासातले एक आदरणीय नाव आहे; इथल्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांत त्यांचे चरित्र हा जवळजवळ घरचाच इतिहास असतो. कोणाचे पणजोबा संस्थानच्या महसूल खात्यात होते, कोणाची पणजी महाराजांनी काढलेल्या मुलींच्या शाळेत शिकली. असा वाचक चरित्रकाराच्या चुकीवर थेट बोट ठेवतो, आणि त्याच चरित्रकारावर मनापासून प्रेमही करतो.

आम्ही काही वाचक अधूनमधून कोणाच्या तरी घरी जमतो आणि एखाद्या पुस्तकावर बोलतो. वडीलधाऱ्या मंडळींचे मत ठाम आहे. निवृत्त शिक्षक असलेले एक काका नेहमी म्हणतात, “चरित्र वाचून माणसाला चार चांगल्या गोष्टी कराव्याशा वाटल्या पाहिजेत, नाहीतर ते वाचायचे कशाला?” त्यांच्यापुढे सयाजीरावांचे उदाहरण असते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातला एक मुलगा १८७५ साली बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक येतो, १८८१ साली राज्यकारभार हाती घेतो, १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करतो, १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगावी ग्रंथालये उभारण्याचे काम त्याच्यावर सोपवतो. या कर्तृत्वाने भारावून जाणे स्वाभाविक आहे, आणि मीही भारावतो. तरीही अशी अनेक चरित्रे वाचल्यावर मला सांगावेसे वाटते, की त्यांत सुधारणांची यादी वाढत जाते आणि माणूस मागे पडतो. महाराजांचे पणतू फत्तेसिंहराव यांनी इंग्रजीत लिहिलेले चरित्र त्यांच्या निधनानंतर, १९८९ साली प्रकाशित झाले. त्याच्या नावातच राजा आणि माणूस हे दोन्ही शब्द आहेत. घरच्याच व्यक्तीने लिहिले म्हणून काहींना ते अधिक विश्वसनीय वाटते, तर काहींना त्याच कारणाने कमी.

आमच्या बैठकीत सर्वांत गंभीर चर्चा झाली ती मात्र अगदी छोट्या आत्मकथनावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’वर. त्यांच्या हस्ताक्षरातील हा मजकूर पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने छापला आणि त्यातील एक प्रकरण बडोद्यात घडते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला येतात. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याचा आपल्याला पूर्ण विसर पडला होता, असे ते लिहितात. बडोद्याच्या स्टेशनवर उतरताना मात्र राहायचे कुठे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. पारशी पथिकाश्रमाचा रखवालदार केवळ पारशांनाच जागा देऊ शकत असल्याने नोंदवहीत पारशी नाव लिहून, दिवसाला दीड रुपया देऊन, ते वरच्या मजल्यावर राहू लागतात. एक लहान खोली, आणि उरलेल्या मोठ्या दालनात मोडक्या खुर्च्या, बाके, फळ्या. रात्री अंधारात वटवाघळे फिरतात आणि सोबत कोणी नसते. संध्याकाळचा जास्तीत जास्त वेळ ते बाहेर काढतात, कारण त्या इमारतीत परतणे त्यांना नकोसे होते. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दाराशी येतात आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावतात. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे ते आसरा मागतात. दोघांकडेही जागा मिळत नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची असते, म्हणून मधले तास ते कमाटीबागेत बसून काढतात.

आम्हा सर्वांच्या ओळखीची ही बाग. आज तिला सयाजीबाग म्हणतात आणि या प्रसंगाचे स्मारक म्हणून तिथे संकल्पभूमी आहे. आमच्यापैकी अनेकजण तिथे सकाळी फिरायला जातात. त्यामुळे या प्रकरणावर ‘छान आहे’ किंवा ‘हृदयस्पर्शी आहे’ असे ठरीव शब्द कोणालाच उच्चारता आले नाहीत. एका आजींनी विचारले, महाराजांनी ज्याला समुद्रापार शिकायला पाठवले त्याला महाराजांच्याच राजधानीत एक खोली मिळू नये, हे चरित्रात का सांगत नाहीत? काकांचे उत्तर असे होते, की राजाने कायदा केला तरी शेजाऱ्याच्या घराचा उंबरठा राजाच्या हाती नसतो. दोघांचेही म्हणणे मला महत्त्वाचे वाटले, पण आजींचा प्रश्न अधिक खोल आहे. सुधारणेचे वर्ष चरित्र सांगते. ती सुधारणा कुठपर्यंत पोहोचली नाही, हे ज्याला दाराबाहेर उभे राहावे लागले त्याच्याकडूनच कळते.

बैठकीतील तरुणांनी वेगळा मुद्दा काढला. त्यांचे शिक्षण इंग्रजी किंवा गुजराती माध्यमातले, त्यामुळे हे प्रकरण त्यांनी मूळ इंग्रजीतच वाचले होते, आणि बारकाईने. एका मुलीने दाखवले की त्यातील सालांचा मेळ बसत नाही: आंबेडकर १९१६ साली भारतात परतल्याचे लिहितात, लगेच १९१७ पर्यंत कोलंबियात असल्याचे सांगतात आणि पुढे परतीचे साल १९१८ देतात, तर चरित्रकार हा प्रसंग १९१७ चा धरतात. मग अशा आत्मकथनावर विश्वास कितपत ठेवायचा? मला हा प्रश्न फार प्रामाणिक वाटला आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. साल तपासणे हे चरित्रकाराचे काम आहे आणि ते त्याने केलेच पाहिजे. परंतु लेखक पुढे स्वतः सांगतो की अठरा वर्षे लोटली तरी काठ्या घेतलेल्या त्या माणसांचे दृश्य पुसले गेले नाही आणि ते आठवताना डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही. माणूस वर्ष विसरतो, अपमान विसरत नाही. इतके दिवस मनात राहिलेल्या गोष्टीची साक्ष सालाच्या गोंधळाने खोटी ठरते, असे मला वाटत नाही.

आत्मचरित्रांविषयी इथेही एक तक्रार ऐकू येते, की घरच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडू नयेत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे नाव निघाले की मात्र ती तक्रार करणाऱ्या स्त्रियाही गप्प होतात, कारण नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणापासून स्वतःच्या सोवळ्या-ओवळ्यापर्यंत सारे काही सांगूनही त्या पुस्तकात कोणाविषयीही कडवटपणा नाही.

पुढच्या बैठकीसाठी आम्ही ‘मराठी रियासत’ लिहिणारे इतिहासकार, रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या आठवणी निवडल्या आहेत. ते दीर्घकाळ महाराजांच्या सेवेत होते आणि त्यांनी महाराजांना जवळून पाहिले होते. महाराष्ट्रातील वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरातील कोणी बडोदे संस्थानात कारकून, शिक्षक किंवा ओव्हरसियर म्हणून नोकरीस असतील आणि त्यांनी रोजनिशी, पत्रे किंवा आठवणींची वही ठेवली असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. चरित्रकारांच्या नजरेतून सुटलेले बडोदे अशाच कागदांत सापडेल, आणि ते वाचायला इथे आम्ही उत्सुक आहोत.