कबड्डीला सातच लागतात

छोट्या कॉलेजात लपायला जागा नसते. जुलैत प्रवेश घेतलेला नवा मुलगा पहिल्या आठवड्यात ती जागा शोधत असतो. हजेरीपटावर साठ नावं असली तरी पावसाच्या दिवशी वर्गात वीस-बावीस डोकी. पुढचे बाक मुलींनी धरलेले, त्यामागे ओळखीपाळखीची दोन टोळकी, म्हणजे ज्याला आपण शेवटचा बाक म्हणतो तो इथे प्रत्यक्षात चौथा. त्यावर बसून कुणी वहीच्या मागच्या पानावर चित्र काढत असेल, तर चित्र बैलाचं आहे की बुलेटचं हे फळ्यापासून दिसतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या अशाच एका कॉलेजात शिकवतो. आमची बहुतेक मुलं आजूबाजूच्या गावांतली आणि वाड्यावस्त्यांवरची. थोडी वसतिगृहात राहतात, बाकीची एसटीनं ये-जा करतात. विद्यार्थ्यांना पास एक तृतीयांश भाड्यात मिळतो, त्यामुळे कॉलेजचा खरा प्राचार्य एसटीचा वाहतूक नियंत्रक आहे असं आम्ही खासगीत म्हणतो. एकच्या गाडीची वेळ झाली की माझं व्याख्यान कितीही रंगलेलं असो, मागून आवाज येतो, “सर, गाडी हाय.” यावर कुठल्याही विद्यापीठाकडे उत्तर नाही.

तर अशा ठिकाणी नवं पोर रुळतं कसं? समुपदेशन, स्वागत समारंभ, पहिल्या दिवशीचं प्राचार्यांचं मार्गदर्शन हे सगळं आम्ही रीतसर करतो. त्याचा फारसा उपयोग होताना मी पाहिलेला नाही. गुलाबाचं फूल हातात घेऊन मुलगा जसा आला तसाच अवघडून घरी जातो. माझ्या मते त्याला रुळवते ती टंचाई.

कबड्डीच्या संघात मैदानावर सात जण लागतात, राखीव धरून बारा. कॉलेजात आठ हजार मुलं असोत की चारशे, बाराच. आठ हजारांतून बारा निवडायचे तर निवड चाचणी घ्यावी लागते. चारशेंतून जमवायचे तर व्हरांड्यात उभं राहून उंच मुलं हेरावी लागतात. चारशेंतल्या निम्म्या मुली, त्यांचा संघ वेगळा, त्यांनाही बाराच हव्यात. राहिलेल्या दोनशेंतले काही थेट परीक्षेलाच उगवतात. काही पहाटे डेअरीत दूध घालून येतात आणि एकच्या गाडीनं वैरणीला परत जातात. काहींना घरून तंबी असते, हातपाय मोडून घेऊ नकोस. हे वजा जाता जे शिल्लक राहतात, त्यांना खेळता येतं की नाही हा प्रश्न आमचे क्रीडाशिक्षक विचारत नाहीत. ते बुटाचा नंबर विचारतात.

आणि हे नुसतं कबड्डीचं. खो-खोला नऊ हवेत, व्हॉलीबॉलला सहा. युवा महोत्सवात पथनाट्य आहे, मूकनाट्य आहे, लोकनृत्य आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. प्रत्येक दिवसाला भित्तिपत्रक हवं, प्रास्ताविक हवं, आभार मानणारा हवा आणि पाहुण्यांच्या गाडीला रस्ता दाखवायला फाट्यावर कुणीतरी उभा हवा. मोठ्या कॉलेजात जेवढी कामं, तेवढीच छोट्यात. कमी असतात ती माणसं. हाच हिशोब आम्हा शिक्षकांनाही लागू आहे. आमचे रसायनशास्त्राचे सर राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आहेत, सांस्कृतिक विभागाचे प्रमुख आहेत आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या एका निकषाचे समन्वयकही आहेत. अधूनमधून ते रसायनशास्त्र शिकवतात.

एक मुलगी होती. प्रथम वर्षाला, मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या एका गावातून यायची. हजेरीला ‘येस सर’ इतकं हळू म्हणायची की मी ओठांकडे बघून खूण करायचो. एका कार्यक्रमाला तिच्याकडे फक्त रांगोळीचं काम होतं. पाहुणे आले, हार-नारळ तयार, आणि सूत्रसंचालन करणारी मुलगी बंद पडलेल्या गाडीत कुठल्याशा घाटात अडकलेली. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. अक्षर चांगलं म्हणून आदल्या दिवशी निवेदनाचा कागद याच रांगोळीवालीनं उतरवून काढला होता. “तूच लिहिलंयस ना? मग तूच वाच.” नाही म्हणायला वेळ मिळाला असता तर ती नक्की नाही म्हणाली असती. बोटांना गुलाबी रांगोळी तशीच, ती कागदाला लागली, कागदाची माईकला. पहिलं वाक्य कुणालाही ऐकू गेलं नाही, कारण माईकनं शिट्टी मारली. सगळे हसले, तीही हसली, आणि दुसऱ्या वाक्यापासून आवाज सापडला. पाहुण्यांच्या परिचयात तिनं एक पूर्ण ओळ गाळली, ती त्यांच्या पुरस्कारांची होती, त्यामुळे पाहुणे सोडून कुणाचं काही अडलं नाही.

ती फार मोठी निवेदिका झाली वगैरे काही नाही. पण दुसऱ्या दिवशी शिपाईमामांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे तिला ‘अँकर’ म्हणून हाका मारायला लागले. हजेरीला माझं ओठांकडे बघणं संपलं. मोठ्या कॉलेजात त्या खुर्चीसाठी रांगेत वीसजणी असत्या आणि ही तीन वर्षं रांगोळीच काढत राहिली असती, तीही उत्तम.

हे निरीक्षण एकट्या माझं नाही. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॅन्सस राज्यातल्या लहान-मोठ्या शाळांची तुलना करून १९६४ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. मोठ्या शाळेत उपक्रमांची यादी लांब असते, पण लहान शाळेतलं मूल प्रत्यक्ष जास्त कामांत ओढलं जातं आणि जबाबदारीची जागा त्याच्या वाट्याला जास्त वेळा येते. अभ्यासात बेताची असलेली मुलंही बाहेर राहत नाहीत, कारण त्यांना वगळणं परवडतच नाही. कॅन्सस कुठं आणि आमचा तालुका कुठं, पण त्यांच्याकडेही फाट्यावर उभं राहायला माणूस कमी पडत असणार.

आपल्याकडे हे ओळखणारा माणूस त्यांच्याही कितीतरी आधी होऊन गेला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. वेगवेगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणून ठेवली, पण त्यांना एकत्र बसवून एकतेवर व्याख्यान देण्यावर भाऊराव थांबले नाहीत. स्वयंपाक पोरांनीच करायचा, पाणी पोरांनीच आणायचं, जमीन पोरांनीच कसायची. भाकरी थापताना शेजारच्याची जात विचारायला सवड कुठली? १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेलं छत्रपती शिवाजी कॉलेजही याच ‘कमवा आणि शिका’च्या तत्त्वावर. आज विद्यापीठांच्या योजनेत त्याच नावाखाली मुलं झाडांना पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात, कार्यालयात अर्ज तपासतात. पैसे थोडे मिळतात आणि तेही उशिरा. पण ग्रंथालयात काम करणाऱ्या मुलाचा रुबाब बघावा. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे ग्रंथपालांच्या आधी तो सांगतो, आणि मी परत न केलेल्या पुस्तकांची यादी त्याला तोंडपाठ आहे.

या सगळ्याचा कळस म्हणजे श्रमसंस्कार शिबिर. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष. तिच्यातलं हे शिबिर म्हणजे हिवाळ्यात सात दिवस एखाद्या गावात मुक्काम, जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरंज्या, पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक. बौद्धिकात निम्मी मुलं झोपतात, आणि सकाळभर चर खणल्यावर झोपावंच, मी वक्त्यांनाही तसं आधी सांगून ठेवतो. शिबिरात समित्या असतात. भोजन समिती, स्वच्छता समिती, सांस्कृतिक समिती. कुणाशी न बोलणाऱ्या मुलाला मी डोळे झाकून भोजन समितीत टाकतो. कांदे चिरताना गप्प राहता येत नाही. पाच किलो कांदा, सुरी एकच धारेची, बाकीच्या बोथट, त्यावरून पहिलं भांडण होतं. भांडण झालं की नाव कळतं, नाव कळलं की टोपणनाव पडतं. पन्नास माणसांच्या आमटीत मीठ किती, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, ते रात्री बारा जणांनी बारा वेळा चव घेऊन ठरतं आणि तरी चुकतं. शिबिराहून परतलेला मुलगा वर्गात चौथ्या बाकावरच बसतो, पण आता त्याच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी असतं.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. कामाच्या मुलाला पिळून काढायची आमची खोड वाईट आहे. एकदा कुणी ‘होय सर’ म्हणालं की तिन्ही वर्षं तेच पोर भित्तिपत्रक लिहितं, तेच ढोल वाजवतं, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तेच जर्नल पूर्ण करत जागतं. विषयांची निवडही तोकडी. ज्याला मानसशास्त्र हवं होतं त्याला भूगोल मिळतो. शिवाय सगळे सगळ्यांना ओळखतात याचा जाच वेगळाच. मुलगा कँटीनमागे कुणाशी बोलत उभा होता ही बातमी त्याच्याआधी घरी पोचते, कारण गाडीचा कंडक्टर त्याच्या मामाच्या गावचा असतो. मुलींना हा जाच दुप्पट. काही मुलं या सगळ्याला कंटाळून पुण्याची वाट धरतात, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. कुणी ओळखू नये, हीसुद्धा एक गरज असते, ती आम्ही भागवू शकत नाही.

यंदा प्रवेशाच्या दिवशी कार्यालयाबाहेर गर्दी होती. दाखल्याच्या झेरॉक्स, फोटोला डिंक, आयडी निघेना म्हणून मोबाईल हातात धरून रेंज शोधत फिरणारी पोरं. द्वितीय वर्षाचा एक मुलगा नव्यांना फॉर्म भरून देत बसला होता. गेल्या वर्षी हाच माझ्या तासाला खांबाआड बसायचा. समोर एक हडकुळा, चष्मा लावलेला मुलगा उभा.

“कबड्डी खेळतोस का?” फॉर्मवरून मान न उचलता यानं विचारलं.

“नाही.”

“शाळेत?”

“शाळेत बुद्धिबळ खेळायचो.”

यानं पेन थांबवलं, चष्मेवाल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि फॉर्मवर शिक्का मारायला आत पाठवत म्हणाला, “चालतंय की. उद्या हाफ पँट घेऊन ये.”