माफियाचा डाव रंगतो कसा, बिघडतो कुठे

मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफने १९८६ साली माफिया हा खेळ रचला. १९९७मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनने माफियांच्या जागी नरलांडगे आणले, तो वेअरवुल्फ. सांगाडा एकच: मोजक्या लोकांना सगळं ठाऊक, बाकीचे संख्येने जास्त पण अंधारात. रात्री सगळे डोळे मिटतात आणि माफिया गुपचूप एकाला मारतात, दिवसा सगळे मिळून मतदानाने एका संशयिताला बाहेर काढतात. सगळे माफिया बाहेर गेले की गाव जिंकलं, ते गावकऱ्यांच्या बरोबरीला आले की माफिया.

सामान म्हणाल तर पत्त्यांचा एक कॅट. खेळ चालवणारा सूत्रधार धरून १० जण असतील तर ९ पानं काढा. दोन काळे राजे माफिया, बदाम राणी डॉक्टर (रात्री एकाला वाचवतो), बदाम एक्का पोलीस (रात्री एक जण माफिया आहे का ते सूत्रधाराकडून तपासतो) आणि पाच साधी पानं गावकरी. बाहेर गेलेल्याचं पान सगळ्यांना दाखवायचं.

दिवस उजाडताना खेळाडू विषम असले तर गावाला बरं. समजा माफिया एकच आहे, पोलीस-डॉक्टर नाहीत आणि मतं नुसत्या अंदाजाने पडतायत. पाच जणांत गाव जिंकण्याची शक्यता ७/१५, म्हणजे साधारण ४७ टक्के. एक गावकरी वाढवा, ती ३/८ म्हणजे ३७.५ टक्क्यांवर घसरते! कारण दोन्हीकडे गावाला मतदान दोनदाच मिळतं, संशयित मात्र वाढतात.

पहिल्या रात्री कुणालाही मारू नका. माफियांनी डोळे उघडून एकमेकांना ओळखायचं, बस्स. नाहीतर एक जण तोंड उघडायच्या आधीच बाहेर बसतो. रात्रभर सगळ्यांनी मांडीवर ताल धरायचा, म्हणजे बांगड्यांची किणकिण आणि खुर्चीची करकर झाकली जाते. बोटाने खूण करणाऱ्यानेही दुसऱ्या हाताने ताल चालू ठेवायचा. सूत्रधाराने मान न वळवता बोलायचं, कारण आवाज कुठे वळला ते मिटल्या डोळ्यांनीही कळतं.

दिवसाची चर्चा पाच मिनिटं. मग ‘एक, दोन, तीन’वर सगळ्यांनी एकदम बोट दाखवायचं. एकेक करून मत घेतलं की मागचे पुढच्यांची री ओढतात. ‘आईशप्पथ, मी नाही’ यावर सक्त बंदी हवी: शपथ खरी मानली तर खेळ तिथेच संपतो, आणि खोटी निघाली तर रुसवा घरापर्यंत जातो. नवख्याला ‘गप्प का?’ म्हणून बाहेर काढण्यातही काही राम नाही. ‘मघाशी तू हिलाच मत का दिलंस?’ असं विचारा, उत्तरात काहीतरी हाताला लागतं.

माफियाची सगळ्यात जोरदार थाप म्हणजे ‘मी पोलीस’. तपासलेल्याचं नाव मात्र आधीच ठरवून ठेवा, अडखळलात की संपलं. आणि तो गावकरी निघाला असंच सांगा. खोटा आळ घेतलात तर त्याचं पान उलटताच तुम्ही उघडे पडता. उलट ज्याला निर्दोष ठरवलंत, तो तुमचीच बाजू घेऊ लागतो.

अशा वेळी खऱ्या पोलिसाने लपून राहू नये. लगेच ‘पोलीस मी आहे’ म्हणून तपासलेली नावं क्रमाने सांगावी. गावाने मत त्या दोघांपैकीच एकाला द्यावं. चुकलं, तरी उद्या कुणाला काढायचं ते ठरलेलं असतं.