हिर्टशल्सला ४३ तास: कुत्रा घेऊन नॉर्वेला जाणाऱ्यांनी आधी घड्याळ बघावं

हे नॉर्वेचं प्रवासवर्णन नाही. नॉर्वेत आम्ही सहा दिवस होतो, ते झकास गेले. प्रेकेस्तोलनच्या कड्यावरचे फोटो हवे असतील तर ते सगळीकडे आहेत. मला लिहायचंय ते नॉर्वेत पाय ठेवण्याआधीच्या ४३ तासांबद्दल. डेन्मार्कच्या उत्तर टोकाच्या हिर्टशल्स बंदरावर, अख्ख्या प्रवासातल्या सगळ्यात भिकार खोलीत, सगळ्यात जास्त पैसे देऊन काढलेले ४३ तास.

आमचा कुत्रा भडंग, सांगलीचा. शुद्ध गावठी, २२ किलो, उजवा कान कायम पडलेला. त्याला हॅम्बर्गला आणताना रेबीजची लस, मग किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी, मग त्या तारखेपासून तीन महिने थांबणं, हे सगळं निस्तरलं होतं. त्यामुळे कुत्र्याच्या कागदपत्रांत आता आपला हात कुणी धरणार नाही, अशी माझी ठाम समजूत होती. चिप आहे, लस आहे, निळा युरोपियन पासपोर्ट आहे. आणखी काय हवं?

हवी असते जंताची गोळी. नॉर्वेच्या मुख्य भूमीवर कोल्ह्यांमधला तो घातक पट्टकृमी नाही, जर्मनीत आहे, म्हणून नॉर्वेवाले त्याबाबत कडक आहेत. प्रवेशाच्या आधी किमान २४ आणि जास्तीत जास्त १२० तासांत व्हेटने (जनावरांच्या डॉक्टरने) प्राझिक्वाँटेल हे जंताचं औषध द्यायचं आणि पासपोर्टमध्ये तारखेसोबत वेळही लिहायची. हे मला माहीत होतं. पण आमच्या व्हेटने सांगितलं, "पाच दिवसांच्या आत कधीही." आणि इथल्या मराठी ग्रुपवर एका दादांनी त्यावर कळस चढवला: "अरे, कुणी बघत नाही. आम्ही दोनदा जाऊन आलो." मी ‘पाच दिवस’ धरून बसलो. ‘दिवस’ म्हटलं की माणूस ढिला पडतो, खरी गोम तिथेच आहे.

गोळी दिली सोमवारी सकाळी साडेदहाला. बोट शुक्रवारी रात्री पावणेनऊची, जर्मनीतली ३ ऑक्टोबरची सुट्टी जोडून काढलेली. नॉर्वेतल्या क्रिस्तियानसान्ड बंदराला पोचायला सव्वातीन तास. म्हणजे साधारण १०९ तास. बसतंय की!

शुक्रवारी दुपारी डेन्मार्कमधल्या ऑलबोर्ग शहराच्या अलीकडे मेसेज आला: वादळामुळे फेरी रद्द, शनिवारी दुपारी सव्वाबाराच्या बोटीत जागा दिली आहे. आम्ही "चला, एक रात्र तर एक रात्र" म्हणत पुढे निघालो. हॅम्बर्गपासून चारशेच्या वर किलोमीटर झाले होते, परत फिरण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी पाचला धक्क्यावर पोचलो तर गाडीचं दार उघडताना दोन्ही हात लागत होते.

बायकोने सहज पासपोर्ट उघडला आणि बोटांवर मोजायला लागली. सोम ते मंगळ २४, बुध ४८, गुरू ७२, शुक्र ९६, शनि... तिची करंगळी तशीच वर राहिली. शनिवारी साडेदहाला १२० भरणार, आणि आम्ही पोचणार साडेतीनला. पाच तासांनी घोटाळा. तिकीट खिडकीवरची बाई सभ्य होती, पण तिने हात वर केले. तिकीट बदलून देते, बाकी तुमचं आणि कस्टम्सचं. म्हणजे नव्याने गोळी द्यायची, आणि त्यानंतर पुन्हा २४ तास थांबायचं. रविवारशिवाय सुटका नाही.

ग्रुपवर विचारलं तर तेच दादा: "वेळ थोडी खाडाखोड करून बदल." असलं काही करू नका. नियमात न बसणारा कुत्रा परत पाठवायचा किंवा तुमच्या खर्चाने वेगळा ठेवायचा अधिकार त्यांना आहे. दादांचं काय जातंय, भडंग आमचा आहे.

आता खोली. बोटी रद्द झाल्यामुळे अर्धं जर्मनी तिथे अडकलेलं, हॉटेलं भरलेली. एका कॅम्पिंगच्या जागेवर केबिन मिळाली, रात्रीला ६९५ क्रोनर (साडेसात क्रोनरला एक युरो, हिशोब करत वाचा). जाहिरातीत पंजाचं चित्र आणि ‘कुत्र्यांचं स्वागत’. स्वागत कसलं, ओवाळणी घेतली. कुत्र्याचे रात्रीला १२५, दोन रात्रींचे २५०. चादरी-उशीच्या खोळी माणशी ९५, कारण तिथे अंथरूण आपलं आपण आणायची रीत आहे. शेवटच्या साफसफाईचे ४५०. आणि विजेचा मीटर वेगळा, जाताना रीडिंग घेऊन १६८. दिसताना १३९० दिसलेलं बिल झालं २४४८. सव्वातीनशे युरोंच्या वर! एवढ्यात हॅम्बर्गमध्ये बऱ्या हॉटेलात नाश्त्यासकट राहतो माणूस.

आणि मिळालं काय? वर-खाली दोन अरुंद पलंग. गाद्यांवर प्लास्टिकचं आवरण, कूस बदलली की चिवड्याचं पाकीट फोडल्यासारखा आवाज. दर आवाजाला भडंग ताडकन उठून बसायचा, काहीतरी खायला निघालं या आशेने. सतरंजीला आधीच्या पन्नास ओल्या कुत्र्यांचा वास आणि त्यावर लिंबाचा स्प्रे. न्हाणीघराच्या जाळीत वाळू अडकलेली, म्हणून पाणी तुंबून दारापर्यंत. संडास केबिनमध्ये नाहीच, दीडशे पावलांवर सामायिक. एरवी चाललं असतं, पण त्या वाऱ्यात रात्री दोनला जाऊन बघा.

भिंतीवर नियम: कुत्र्याला केबिनमध्ये एकटं सोडू नये. ठीक. पण बंदरावरच्या ज्या खानावळीत गेलो तिथे कुत्रा आत चालेना. मग मी आत मासा खातोय आणि बायको गाडीत, मग अदलाबदल. लग्नाचा नववा वाढदिवस होता, हे जाता जाता. दुसऱ्या दिवशी तो नादच सोडला आणि केबिनमध्ये बसून डब्यातले धपाटे संपवले.

भडंगचा वेगळाच सत्याग्रह. सांगलीच्या धुळीत वाढलेला कुत्रा, ओल्या गवतावर पाय ठेवायला तयार नाही. शुक्रवारी रात्री अकरा ते पाऊण आम्ही छत्री उलटी होत असताना त्याला "कर रे बाळा" म्हणत फिरवत होतो. शेवटी एका जर्मन कॅरव्हॅनच्या चाकाला मान मिळाला. किनाऱ्यावर मात्र ऑक्टोबरचा एक फायदा: तिथे १ एप्रिल ते ३० सप्टेंबर पट्टा सक्तीचा असतो, आम्ही तीन दिवसांनी सुटलो.

शनिवारी सकाळी जवळच्या यरिंग गावात सुट्टीच्या पाळीवरची व्हेट सापडली. गोळी दहा सेकंदांत, बिल ११८० क्रोनर. पण तिने वेळ लिहिली, ९:५०, आणि आपणहून विचारलं, "कुठली बोट, पोचणार कधी?" हाच प्रश्न हॅम्बर्गमध्ये कुणी विचारला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. मोकळ्या दुपारी रुब्यर्ग क्नूदचं दीपगृह पाहून आलो, कडा ढासळत होता म्हणून २०१९मध्ये रुळांवर घालून ७० मीटर मागे सरकवलेलं. छान आहे. डोळ्यांत वाळू गेली.

तर जाणाऱ्यांसाठी. गोळी चौथ्या-पाचव्या दिवसाच्या भरवशावर ठेवूच नका. बोटीच्या आधी साधारण दीड-दोन दिवस, म्हणजे बोट एक दिवस पुढे गेली तरी निभावतं. तास मोजायचे ते नॉर्वेत पोचण्याच्या क्षणापर्यंत, बोट सुटेपर्यंत नाही. व्हेटच्या समोर उभं राहून बघा की वेळ लिहिली आहे, नुसता शिक्का नाही. वीकेंडच्या आधीची बोट टाळा, कारण गडबड झाली तर सुट्टीच्या पाळीचा व्हेट दुप्पट घेतो. स्वीडनमार्गे गाडीने जाणाऱ्यांनाही गोळी लागतेच. परतताना डेन्मार्कसाठी नाही.

बोट कंपनीकडून राहण्याचा खर्च मागण्यात वेळ घालवू नका. युरोपच्या नियमात रद्द फेरीसाठी रात्रीला ८० युरोंपर्यंत, जास्तीत जास्त तीन रात्री राहण्याची सोय आहे खरी, पण खराब हवामानामुळे प्रवास धोक्याचा असेल तर ती लागू नाही. मी खिडकीवर तावातावाने कलम वाचून दाखवलं, बाईने शांतपणे पुढचं कलम दाखवलं. आपलं हसं करून घ्यायची हौस असेल तरच जा.

केबिन घेताना एकच प्रश्न लेखी विचारा: सगळं धरून किती? चादरी गाडीत टाका. डेन्मार्कमध्ये १३ जातींच्या कुत्र्यांवर बंदी आहे, आपल्या गावठ्याला ती भीती नाही, पण दिसायला जवळपास असेल तर जातीचा कागद ठेवा. बोटीवर कुत्र्यांना चालणारी जागा लवकर संपते. मग कुत्रा गाडीत राहतो, आणि प्रवासात गाड्यांचा मजला बंद असतो, मध्येच जाऊन बघता येत नाही. आधी सहा तास खायला घालू नका. आम्ही दया दाखवून अर्धा धपाटा घातला होता. तो मागच्या सीटवर परत मिळाला.

क्रिस्तियानसान्डला कस्टम्सच्या लाल रांगेत, म्हणजे काही दाखवायचं असणाऱ्यांच्या रांगेत गेलो. कुत्रा असेल तर हिरव्या रांगेत शिरायचं नाही. पावसाळी कोट घातलेल्या मुलीने चिप तपासली, पासपोर्ट उघडला, तारखेवर बोट ठेवलं, वेळेवर ठेवलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. कुणी बघत नाही म्हणे.

केबिन निघताना आम्ही झाडून-पुसून दिली होती, वाळूची जाळीही काढून धुतली. साफसफाईचे ४५० क्रोनर परत मागणाऱ्या माझ्या तीन मेल्सना अजून उत्तर नाही.